मदत हवी आहे: नेदरलँड्समधले गोल कितपत धरायचे?

मंडळी, अमेरिकेच्या फुटबॉलपटूंच्या (म्हणजे सॉकरच्या) युरोपातल्या कामगिरीवरून मित्राशी रोज वाद होतो. विषय अमेरिकेचा स्ट्रायकर रिकार्डो पेपी. 2022 च्या जानेवारीत अमेरिकेतल्या डल्लास क्लबमधून जर्मनीच्या आउग्सबुर्गला गेला, पण बुंडेसलीगात (जर्मनीच्या अव्वल लीगमध्ये) एकही गोल नाही. मग नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन क्लबला लोनवर (तात्पुरता उसना) जाऊन लीगमध्ये 12 गोल, तेही संघ खालच्या डिव्हिजनमध्ये घसरला त्या हंगामात! 2023 मध्ये पीएसव्ही या डच क्लबने घेतला. मित्र म्हणतो, डच लीगमध्ये बचाव ढिला असतो, तिथले गोल काय धरायचे. मला वाटतं, आउग्सबुर्गला गेला तेव्हा पोरगा 19 वर्षांचाही नव्हता, म्हणून तिथे जमलं नसेल. (दुसरा अमेरिकन खेळाडू पुलिसिक याचं उदाहरण नको, तो जर्मनीच्या डॉर्टमुंड क्लबमध्येच घडला.) नियमित बघणाऱ्यांनी सांगा: गोलांपलीकडे नेमकं काय बघायचं? मैदानावरची मिनिटं, मोकळी जागा शोधणं, की प्रेसिंग (चेंडू समोरच्यांकडे असताना त्यांच्यावर दबाव टाकणं)?