पाळत, टेहळणी की नुसतंच टिपलं जाणं?

काल ‘द अँडरसन टेप्स’ (१९७१, दिग्दर्शक सिडनी ल्युमेट) पुन्हा पाहिला. दहा वर्षं तुरुंगात काढून सुटलेला अँडरसन (शॉन कॉनरी) न्यूयॉर्कच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरची श्रीमंतांची अख्खी इमारतच लुटायचं ठरवतो. मित्राला चार ओळींत गोष्ट लिहून पाठवत होतो, तर ‘अँडरसनवर सरकारी खात्यांची पाळत असते’ या वाक्यावर अडलो. काहीतरी खटकतंय. ‘टेहळणी’ लिहावं तर किल्ल्याचा बुरूज डोळ्यांपुढे येतो. आणि अशा ठरवून केलेल्या मोठ्या लुटीला इंग्रजीत ‘हाइस्ट’ म्हणतात, त्याला काय म्हणता तुम्ही?

— हाइस्टचं सोपं आहे: दरोडा. पाच किंवा जास्त जणांनी मिळून केलेली जबरी चोरी म्हणजे दरोडा. दंड संहितेच्या कलम ३९१मध्ये हेच होतं, आता न्याय संहितेच्या ३१०मध्ये आहे. अँडरसनची टोळी या हिशेबात बसते. घरफोडी नको, ती गुपचूप होते. इथे रहिवाशांना ओलीस धरलंय. ‘डल्ला’ मथळ्यापुरता ठीक.

टेहळणीचा बुरूज मात्र इथे आहेच की! लुटीआधी पुराणवस्तूंचा व्यापारी घरोघरी जाऊन काय कुठे आहे ते हेरून येतो, ती टेहळणी. पोलिसांच्या भाषेत ‘रेकी’. म्हणजे चोरांची टेहळणी, सरकारची पाळत. झालं की!

— नाही झालं. पाळत कुणावर तरी असते. ‘त्याच्यावर’ म्हटलं की माणूस ठरलेला, हेतूही ठरलेला. इथे अँडरसन कुणालाच नकोय. मैत्रिणीच्या घरात चोरून ऐकण्याची यंत्रं आहेत ती तिच्यासाठी, खासगी गुप्तहेराने लावलेली. आयकरवाले माफिया म्होरक्याच्या मागे, एफबीआय कृष्णवर्णीय कार्यकर्त्यांच्या मागे, अमली पदार्थविरोधी खातं आणखी कुणाच्या. हा आपला प्रत्येकाच्या फितीत आयता सापडतो. चार ठिकाणी आवाज आहे, पण दरोड्याचा सुगावा कुणालाच नाही. पोलिसांना कळतं ते इमारतीतल्या अपंग मुलाच्या हॅम रेडिओमुळे (दूरच्या हौशी लोकांशी बोलायचा संच)! तेव्हा ‘अँडरसन टिपला जात होता’ असं लिहा. पाळत इतरांवर.

— पटलं. पण ‘टिपला’ म्हटलं की गोळीने टिपला असंही वाटतं, आणि यात शेवटी गोळीबार आहे. म्हणून ‘त्याचं बोलणं टिपलं जात होतं’ असं केलं.

— हे छान. आता शेवटच्या प्रसंगाचं (न पाहिलेल्यांनी वाचू नये): बेकायदा ध्वनिमुद्रण उघड होऊ नये म्हणून फिती ‘नष्ट करतात’ लिहू नका. त्या ‘पुसतात’. फीत शाबूत, आवाज गेला. आमच्या घरी आजीच्या ओव्यांची कॅसेट भावाने क्रिकेटची कॉमेंट्री भरून अशीच पुसली होती. कॅसेट अजून कपाटात आहे, वर आजीचं नाव.