टीडम्प फाइलीत एक ओळ सरकतेय

हायस्प्लिट हे हवेचा प्रवासमार्ग काढणारं मॉडेल; त्या मार्गाचे आकडे ज्यात येतात ती टीडम्प फाइल वाचताना मी डोळे झाकून सुरुवातीच्या पाच ओळी (हेडर) सोडतो. महिनाभर बिनबोभाट चाललं. काल ३१ तारखेला सुरू होऊन १ तारखेला संपणारी फाइल आली, आणि आकड्यांच्या जागी ‘प्रेशर’ हा शब्द! रात्र गेली यात.

> पहिल्या ओळीतला पहिला आकडा बघ. १ चा २ झाला असेल. तेवढ्या हवामान-फाइली वापरल्यात, आणि प्रत्येकीला हेडरमध्ये एक ओळ. पुढे प्रत्येक आरंभबिंदूलाही एकेक. ओळी मोजूनच सोडायच्या.

> शिवाय वर्ष दोन अंकी असतं. मीही ठेच खाल्लीय.

खरंच २ आहे! पाच काय, सहा सोडायला हव्या होत्या.