कंपाउंड धनुष्याचे बाण किती लांबीचे कापावेत? मदत हवी आहे

मंडळी, तिरंदाजीतलं कळणारं कुणी आहे का इथे? २०२३ मध्ये अदिती स्वामी आणि ओजस देवतळे बर्लिनहून जगज्जेते होऊन आले, तेव्हापासून लेकीनं कंपाउंडचा (टोकांना चाकं असलेल्या धनुष्याचा) हट्ट धरला होता. आता धनुष्य आलंय, घोडं बाणांवर अडलंय.

वय १४, ड्रॉ लेंग्थ (दोरी पूर्ण ओढल्यावरचं माप) साडेसव्वीस इंच, ओढायचा जोर ४० पाउंड. सर म्हणतात शाफ्ट (बाणाची नळी) २६ इंचांवर कापा. दुकानदार म्हणतो पोरगी वाढती आहे, २८ ठेवा. त्यात स्पाइन (शाफ्टच्या ताठपणाचा आकडा) ५०० की ६०० हा वेगळाच घोळ. कार्बनचे बाण काही स्वस्त नाहीत, आणि कापलेला इंच परत चिकटत नाही! सराव ५० मीटरचाच आहे. काय करू?

प्रतिसाद
ताई, ड्रॉ लेंग्थ आणि बाणाची लांबी यांची गल्लत नको. ड्रॉ लेंग्थ नॉकच्या (बाणाच्या मागच्या, दोरीत अडकणाऱ्या टोकाच्या) खाचेपासून ग्रिपच्या, म्हणजे धनुष्याच्या मुठीच्या, खोलगट जागेपर्यंत मोजून वर पावणेदोन इंच मिळवतात. बाण मोजायचा तो खाचेपासून शाफ्टच्या टोकापर्यंत, पॉइंट (पुढचं धातूचं टोक) सोडून. म्हणजे तुमच्याकडे खाच ते ग्रिप झाले पावणेपंचवीस. रेस्ट (बाण टेकतो तो आधार) साधारण ग्रिपच्या वरच येतो आणि त्याच्या पुढे इंचभर शाफ्ट हवाच. बाण आखूड पडला तर ओढताना रेस्टच्या मागे घसरतो, आणि तसाच सुटला तर धनुष्य धरलेल्या हातात घुसतो. यात कंजुषी नको.

सरांचे २६ बरोबरच आहेत, पण आजच्यापुरते. मी साडेसत्तावीस ठेवीन. ड्रॉ लेंग्थ सव्वाअठ्ठावीस होईपर्यंत निभेल. न कापलेला शाफ्ट सरांसमोर पूर्ण ओढायला लावा, दुसऱ्यानं बाजूनं रेस्टपाशी खूण करावी. आकडेमोडीपेक्षा ती खूण खरी. रिलीजच्या (दोरी ओढून सोडायच्या साधनाच्या) ट्रिगरला मात्र बोट लावू नका, चुकून सुटायला नको.

स्पाइनचा आकडा जितका मोठा तितका शाफ्ट लवचीक, आणि लांबी वाढली की तोच शाफ्ट आणखी मऊ वागतो. जड पॉइंटनंही तेच होतं. लांबी राखून ठेवणार आणि पुढे पाउंडही वाढवणार, तर ५०० कडे झुका. तरी शाफ्टच्या कंपनीचा तक्ता बघाच, आणि त्यात २६ नाही, साडेसत्तावीसचा रकाना बघा.

धागाकर्ती
आभारी आहे दादा! खूण शनिवारी करून घेते. कॅमचं मॉड्यूल (चाकावरचा, ड्रॉ लेंग्थ ठरवणारा तुकडा) अर्ध्या इंचानं पुढे नेलं तर परत मोजायचं ना?

प्रतिसाद
हो, दर वेळी. आणि डझनातले दोन बाण न कापता ठेवा.