पेलेट्स तोलून निवडायची की नाही?

जुळे_सोलापूरकर:
माझी मुलगी दहा मीटर एअर रायफल मारते. परदेशात मोठ्या रायफलीची काडतुसं घरी भरणारे लोक दारू तोलून घालतात, गोळी किती खोल बसली तेही मोजतात, सगळी एकसारखी व्हावीत म्हणून. आपल्याकडे काडतूस बनवायलाच परवाना लागतो, त्यामुळे तो विषय नाही. पण तेच खूळ आता आपल्या पालकांनी पेलेटच्या, म्हणजे एअर रायफलीच्या शिशाच्या छोट्या गोळ्यांच्या, डबीवर काढलंय. सराफी काटा आणायचा आणि लेकराला रात्री पाचशे पेलेट्स एकेक तोलायला बसवायचं. कृपा करून हे थांबवा.

हिशेब बघा. पेलेट साधारण ०.५३ ग्रॅमचं, वेग सेकंदाला १७० मीटरच्या आसपास. दहा मीटर जाईतो ते १७-१८ मिलिमीटर खाली येतं. वजन एक टक्क्यानं वाढलं तर वेग साधारण अर्धा टक्का कमी होतो आणि पेलेट ०.२ मिलिमीटरसुद्धा सरकत नाही. टार्गेटवर एक दशांश गुण म्हणजे ०.२५ मिलिमीटर. त्यापेक्षा तोच तास ड्राय फायरिंगला, म्हणजे पेलेट न भरता नेम धरून ट्रिगर दाबायच्या सरावाला, द्या. शिवाय ते शिसं आहे. तोलून झालं की पोरं त्याच हातानं भाकरी मोडतात.

मुळेगाव_रोड:
दादा, शिशाचं बरोबर आहे, आमच्याकडे हातमोजे घालूनच करतात. पण साठ शॉट्सची स्पर्धा दशांशात मोजली जाते. ६५४ पैकी ६२५ आणि ६२६ मध्ये किती पोरं उभी असतात ते तुम्हीही पाहिलंय. मी तोलायला लागलो तेव्हा एका डबीत दोन पेलेट्स अशी निघाली की घेराच्या, म्हणजे मागच्या पोकळ भागाच्या, आत शिशाची बारीक चिपटी अडकलेली. डोळ्यांना दिसली नव्हती, काट्यानं दाखवली. ती पेलेट्स स्पर्धेत आली असती तर?

जुळे_सोलापूरकर:
चिपटी असलेलं, घेर चेपलेलं पेलेट काढलंच पाहिजे, त्यात वाद नाही. काचेवर आडवं ठेवून हलकं ढकललं की चेपलेलं लगेच डगमगतं. पाच मिनिटांचं काम. माझा विरोध चांगल्या पेलेट्सचे वजनानुसार चार ढीग लावण्याला आहे. खरा फरक लॉटचा, म्हणजे कारखान्यात एका खेपेला बनलेल्या मालाचा, आणि पेलेटच्या डोक्याच्या मापाचा. ४.४९, ४.५० आणि ४.५१ मिलिमीटर यांतलं कोणतं आपल्या नळीला मानवतं ते रायफल व्हाइसमध्ये (शिकंज्यात) आवळून, ग्रुप काढूनच, म्हणजे एकाच नेमावर मारलेल्या शॉट्सची भोकं किती जवळ पडतात ते बघूनच, कळतं. स्वप्नील कुसळेनं पॅरिसला २०२४ मध्ये कांस्य जिंकलं त्या ५० मीटर प्रकारातली पॉइंट टू टूची काडतुसं रिमफायर, म्हणजे बुडाच्या कडेत पेटवण्याचा मसाला असलेली, असतात. ती घरी भरण्यातली नव्हेतच. तिथले नेमबाज लॉट तपासतात आणि जमलेला लॉट भरून ठेवतात.

अकरावी_सायन्स:
काका, मी स्वतः मारते म्हणून बोलते. मे महिन्यात आपल्याकडे बेचाळीसच्या पुढे जातं, घामानं नेमबाजीचं ताठ जॅकेट मऊ पडतं, चाळिसाव्या शॉटनंतर खांदा उतरतो. तेव्हा ०.२ मिलिमीटर कुठून दिसणार? पण स्पर्धेच्या आदल्या रात्री मी साठ पेलेट्स तोलून वेगळ्या डबीत ठेवते. नऊ पडला की मग मी पेलेटला दोष देत नाही, थेट ट्रिगरकडे बघते. हा उपयोग खराच आहे.

मुळेगाव_रोड:
हेच तर मी म्हणतोय.

जुळे_सोलापूरकर:
साठ तोलणं आणि पाचशे तोलणं यात फरक आहे, बाळा. मुळेगावकर, रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत रेंजवर या. एकाच लॉटची पन्नास तोललेली, पन्नास डबीतून तशीच काढलेली. व्हाइस मी लावतो, कागदाच्या मागं कोणती कुठली ते तुम्ही लिहा, ग्रुप मोजेपर्यंत मला सांगू नका.