स्ट्रोबखाली उमलणारं शिल्प: पाकळ्या उमलतात, पण अख्खं फूलही फिरतं

फिरकी_७
शिल्पकार जॉन एडमार्क यांच्या ‘ब्लूम्स’च्या (फिरताना स्ट्रोबखाली, म्हणजे ठराविक वेळाने लखलखणाऱ्या उजेडाखाली, उमलताना दिसणारी शिल्पं) धर्तीवर शिल्प थ्रीडी प्रिंट केलंय. व्यास १५ सेमी, पाकळ्या १२०, लागोपाठच्या पाकळ्यांत १३७.५ अंश. खाली १२ व्होल्टची ६०० आरपीएमची (मिनिटाला फेरे) गिअर मोटर पीडब्ल्यूएमवर (वीज झपाट्याने चालू-बंद करून वेग आवरतो). वर एलईडी पट्टी, सेकंदाला २५ फ्लॅश, प्रत्येक २ मिलिसेकंदांचा. पाकळ्या उमलताना दिसतात, पण फूलही हळूहळू फिरत राहतं. कडेच्या पाकळ्यांचे तर नुसते फराटे. मोटर बदलू की प्रिंट?

लोखंडी_चाक
प्रिंटला हात लावू नका. १३७.५ म्हणजे फेऱ्याचे ५५/१४४. पाकळ्या १४४ च्या आत आहेत तोवर खऱ्या सुवर्णकोनाशी (सूर्यफुलातल्या बियांच्या मांडणीतला कोन) असलेला फरक डोळ्याला कळत नाही.

घोळ वेगात आहे. दोन फ्लॅशमध्ये तबकडी बरोबर १३७.५ अंश फिरली, तरच पुढची पाकळी आधीच्या जागी दिसते आणि फूल थांबल्यासारखं वाटतं. २५ × १३७.५ ÷ ३६० = सेकंदाला ९.५५ फेरे, म्हणजे ५७३ आरपीएम. त्यात १ आरपीएम इकडेतिकडे झाला की फूल सेकंदाला ६ अंश सरकणार. ब्रशवाली मोटर तापली की वेग बदलतोच, नॉब कितीही पिळा.

म्हणून फ्लॅश वेळेवर नको, कोनावर मारा. ६०० पल्सचा एन्कोडर (शाफ्ट किती फिरला ते पल्स देऊन सांगणारा सेन्सर) थेट तबकडीच्या शाफ्टवर बसवा (मोटरच्या मागे बसवलात तर गिअरमधली ढिलाई मध्ये येते). चौपट मोजणीने (एन्कोडरच्या ए आणि बी या दोन्ही वायरींवरचे चढ-उतार मोजून) फेऱ्याला २४०० काउंट, फ्लॅशला ९१६.६७. तेव्हा ९१७, ९१७, ९१६ या क्रमाने मारा. सरसकट ९१७ घेतलेत तर सेकंदाला सव्वा अंश सरकेल आणि पुन्हा हाच धागा उघडाल! सेकंदाला २३ हजार काउंट येतात, त्यामुळे ईएसपी३२ या मायक्रोकंट्रोलरचा हार्डवेअर काउंटरच वापरा. मग मोटर जराशी डगमगली तरी उमलण्याचा वेग तेवढा बदलेल, फूल जागेवर राहील.

उजेडवाला
फराट्यांचं कारण फ्लॅशची लांबी. कडेचा वेग सेकंदाला साडेचार मीटर, २ मिलिसेकंदांत पाकळी ९ मिमी पुढे जाते. फ्लॅश ०.२ मिलिसेकंदावर आणा, फराटा १ मिमीच्या आत येईल. उजेड मात्र दहावा हिस्सा उरेल, तिथे पट्टी पुरणार नाही. १०–२० वॅटचे सीओबी एलईडी (एकाच तुकड्यावर अनेक चिप असलेले प्रखर एलईडी) तिरके लावा, पाकळ्यांची सावली पडली की उठाव येतो. तयार ड्रायव्हरचा दिवा घेऊ नका, त्यातला कपॅसिटर फ्लॅश लांबवतो. एलईडी चालू-बंद करणाऱ्या साध्या मॉसफेटला (इलेक्ट्रॉनिक स्विच) ईएसपीचे ३.३ व्होल्ट पुरत नाहीत. मध्ये जास्त व्होल्ट देणारा गेट ड्रायव्हर घाला. आणि खोली पूर्ण अंधारी हवी.

पडद्यामागे
प्रदर्शनात मांडणार असाल तर दाराबाहेर पाटी हवीच. सेकंदाला २५ फ्लॅश अपस्माराच्या काही रुग्णांना घातक ठरू शकतात.

स्ट्रोब टाळायचा तर भरपूर स्थिर उजेडात कॅमेरा लावून पडद्यावर दाखवा. एडमार्क यांच्या व्हिडिओंचं माप प्रसिद्ध आहे: ५५० आरपीएम, सेकंदाला २४ फ्रेम, शटर १/४००० सेकंद. मोबाइलवर फ्रेम दर लॉक करा. ३० फ्रेमला ६८७.५ आरपीएम लागतात, तुमची मोटर तिथवर पोचणार नाही. शिवाय कॅमेरा आपल्याच वेळेने फ्रेम घेतो, म्हणून इथे एन्कोडरची युक्ती चालत नाही, वेगच पक्का हवा. स्टेपर (ठरावीक पावलांनी फिरणारी मोटर) घ्या, २४ व्होल्टवर, आणि वेग हळूहळू चढवा. एकदम पळवलात तर नुसता गुरगुरतो.

फिरकी_७
एन्कोडर बसवला, फूल जागेवर थांबलं. पण आता पाकळ्या बाहेर यायच्या ऐवजी आत शिरताहेत?

लोखंडी_चाक
तबकडी उलटी फिरतेय. मोटरच्या वायरी अदलाबदल करा, एन्कोडरच्या ए आणि बी सुद्धा, नाहीतर काउंटर उलटा मोजेल.