अ‍ॅनाफोरा फक्त जोर देण्यासाठी?

अ‍ॅनाफोरा, म्हणजे सलग वाक्यांची सुरुवात त्याच शब्दांनी करणं, हा निव्वळ जोर देण्याचा प्रकार, असं एका स्पष्टीकरणात वाचलं; उदाहरण म्हणून तिथे ब्रिटिश पंतप्रधान चर्चिलचं 'वुई शॅल फाइट' ('आम्ही लढू') दिलंय. उदाहरण चपखल आहे, पण स्पष्टीकरण मला अर्धवट वाटतं. ४ जून १९४० चं ते भाषण, फ्रान्समधल्या डंकर्क बंदरातून सैन्य नुकतंच माघारी आणलेलं. आता ठिकाणांचा क्रम बघा: आधी फ्रान्स, मग समुद्र, मग आकाश, मग किनारे, विमानं उतरतील अशी मैदानं, शेतं आणि रस्ते, शेवटी डोंगर. शत्रू पायरीपायरीने घरात शिरतोय! मजकूर माघारीचा आहे आणि 'वुई शॅल' मात्र जागचं हलत नाही. तो हिय्या या विसंगतीतून येतो, नुसत्या घोकण्यातून नाही.

आणखी एक. आपण सगळे त्या ओळींच्या शेवटी 'नेव्हर सरेंडर' ('कधीच शरण जाणार नाही') इथपाशी थांबतो, पण मूळ वाक्य तिथे संपतच नाही. ब्रिटनचं बेट पडलंच (यावर माझा क्षणभरही विश्वास नाही, असं मध्येच घालून) तर साम्राज्य आणि आरमार लढत राहील, अमेरिका मदतीला येईपर्यंत, असं ते लांबत जातं. तेव्हा त्या पुनरावृत्तीचा एक कान वॉशिंग्टनकडेही होता. शिवाय चर्चिलची भाषणं कवितेसारख्या तुटक, पायऱ्या पाडलेल्या ओळींत टाइप व्हायची. कुठे थांबायचं ते कागदावरच दिसे. परीक्षेत नुसतं अलंकाराचं नाव लिहून दोन गुण मिळतीलही, पण हा क्रम कुणी विचारत नाही.