आक्का आली, की आलीच नाही? स्वल्पविराम की अर्धविराम?

वहीवाली:
वडिलांची आठवणींची वही टाइप करतेय. १९७२च्या दुष्काळापासूनच्या नोंदी आहेत. बाबा विरामचिन्हं देतच नसत, नोंद संपली की खाली एक आडवी रेघ. जमीन विकायचं ठरलं त्या दिवशीची ही ओळ बघा:

सकाळी आक्का आली नाही म्हणाली सही राहिली

आक्का म्हणजे बाबांची थोरली बहीण. तिची सही लागणार होती. मी "आक्का आली, नाही म्हणाली" असं टाइप केलं. भाऊ म्हणतो, आक्का आलीच नाही, तसं आईनं येऊन सांगितलं. आता विचारायला तिघांपैकी कुणीच नाही. आक्का भावाच्या तोंडावर नाही म्हणाली की घरीच बसून राहिली, हे माझ्या एका चिन्हावर ठरणार. झोप लागत नाही.

जुना मुद्रितशोधक:
ताई, आधी अर्थ ठरवा, चिन्ह मागून येतं. आक्काच आली आणि तिनंच नकार दिला, तर कर्ता एकच आणि वाक्यं आखूड, स्वल्पविराम पुरे. 'सही राहिली' इथे कर्ता बदलतो, म्हणून त्याआधी अर्धविराम:

सकाळी आक्का आली, नाही म्हणाली; सही राहिली.

भावाचं खरं असेल तर अवतरणचिन्हं लागतील:

सकाळी "आक्का आली नाही," म्हणाली; सही राहिली.

पण मग म्हणाली कोण? आईचं नाव मागेपुढे कुठे आहे का, ते शोधा.

वडिलांचं लिहिणं अडाणीपणाचं समजू नका. जुन्या मोडी कागदांत तर शब्दसुद्धा तोडत नसत. ही चिन्हं आपण इंग्रजीवरून घेतली. एकोणिसाव्या शतकात मेजर कँडींनी ती मराठीत रुजवली.

टंकलेखक:
एक जोडतो. 'स्वतः', 'दुःख' यांत विसर्गच टाइप करा, अपूर्णविराम नको. दिसायला सारखे, पण अपूर्णविराम पडला की शोधताना तो शब्द सापडत नाही.

वहीवाली:
सापडलं! पुढचं पान चिकटलं होतं, वाफेवर धरून सोडवलं. पहिलीच ओळ: "दुपारी आक्काला यष्टीत बसवून आलो बोललो नाही". म्हणजे आली होती. भावाला फोटो पाठवला, त्यानं मान्य केलं.

आता 'बसवून आलो'नंतर काय देऊ?

जुना मुद्रितशोधक:
अर्धविराम. तिथे वडील थांबले असणार.